टाइप वन डायबेटिस पुढे ढकलायचा असेल तर: अँटीबॉडी टेस्टपासून ट्रायलपर्यंत काय आणि कसं करायचं

घरात एका मुलाला टाइप वन निघाला की पहिले काही आठवडे इन्सुलिनचे डोस, रात्रीची शुगर, हायपो म्हणजे शुगर एकदम खाली जाणं यातच जातात, आणि मग जरा सवड मिळाली की आईवडिलांच्या डोक्यात दुसऱ्या मुलाचा विचार सुरू होतो, याला पण होईल का आणि होणार असेल तर आत्ताच काही करता येतं का. हे लिहितेय ते मुख्यतः त्यांच्यासाठी. आणि ज्यांना किंवा ज्यांच्या मुलाला गेल्या महिना-दोन महिन्यांतच निघालाय त्यांच्यासाठी पण, कारण त्यांच्याकडे वेळ सगळ्यात कमी आहे.

आधी सरळ उत्तर देते. टाइप वन कायमचा थांबवेल असा उपाय आज कोणाकडेच नाही. पण तो काही वर्षं पुढे ढकलणारं एक औषध मंजूर झालेलं आहे, आणि निदान झाल्यानंतर उरलेल्या बीटा पेशी, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, जास्त काळ टिकवणारी आणखी काही औषधं चांगल्या ट्रायलमध्ये, म्हणजे माणसांवरच्या औषध चाचण्यांमध्ये, कामाची ठरलीत. अडचण एवढीच की ही सगळी औषधं एका ठरावीक काळातच उपयोगाची असतात आणि तो काळ बाहेरून दिसत नाही, मूल खेळतंय, जेवतंय, वजन वाढतंय, सगळं ठीक. म्हणून औषधाच्या मागे लागण्याआधी आपण कुठल्या टप्प्यावर आहोत हे शोधायचं.

टाइप वनमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर हल्ला करते हे बहुतेकांना माहीत असतं. जे माहीत नसतं ते असं की हा हल्ला लक्षणं दिसण्याच्या कित्येक महिने, कित्येकदा अनेक वर्षं आधी सुरू झालेला असतो. २०१५ पासून डॉक्टर याचे तीन टप्पे मानतात. पहिल्या टप्प्यात रक्तात दोन किंवा जास्त प्रकारच्या ऑटोअँटीबॉडी, म्हणजे शरीराच्या स्वतःच्याच भागांविरुद्ध बनलेल्या अँटीबॉडी, सापडतात पण शुगर एकदम नॉर्मल. दुसऱ्या टप्प्यात अँटीबॉडी आहेतच आणि शुगर थोडी बिघडायला लागलीय, म्हणजे उपाशीपोटी १०० ते १२५, किंवा ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १४० ते १९९, किंवा एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट, ५.७ ते ६.४ टक्के, लक्षण मात्र एकही नाही. तिसरा टप्पा म्हणजे आपण ज्याला डायबेटिस झाला म्हणतो तो. पहिल्या टप्प्यातल्या माणसाला पाच वर्षांत तिसऱ्यात जायची शक्यता साधारण ४४ टक्के असते, दुसऱ्यातल्याला साधारण ७५ टक्के. आणि दोन किंवा जास्त अँटीबॉडी असलेल्या मुलांचा मोठा एकत्रित अभ्यास २०१३ मध्ये आला होता त्यात दहा वर्षांत सुमारे ७० टक्के मुलांना डायबेटिस झाला, एकच अँटीबॉडी असलेल्यांत हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आत होतं. म्हणजे एक आणि दोन यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, रिपोर्ट हातात घेताना हे लक्षात असू द्या.

टेस्ट कोणाची करायची आणि कशी

ज्याचे आई, वडील, भाऊ किंवा बहीण टाइप वन आहेत त्याचा धोका इतरांपेक्षा साधारण १५ पट असतो. ऐकायला भयंकर वाटतं, पण मूळ धोकाच कमी असल्यामुळे प्रत्यक्षात तो जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे वीसातल्या एकोणीस भावंडांना काही होत नाही. दुसरी बाजू अशी की नव्याने निदान होणाऱ्यांपैकी ८५ ते ९० टक्के लोकांच्या घरात आधी कोणालाच टाइप वन नसतो, म्हणून आता काही ठिकाणी सगळ्याच मुलांची तपासणी करायचा विचार पुढे येतोय. जर्मनीत बव्हेरियामध्ये २०१५ पासून हे चालू आहे आणि इटलीने २०२३ मध्ये तसा कायदाच केला.

टेस्ट रक्ताची असते आणि त्यात चार नावं बघायची: जीएडी, आयए-टू, झिंक ट्रान्सपोर्टर एट, आणि इन्सुलिन ऑटोअँटीबॉडी. बऱ्याच लॅबमध्ये डायबेटिसची अँटीबॉडी टेस्ट म्हणून नुसती जीएडी करून देतात, ती निगेटिव्ह आली की घरचे निवांत होतात आणि तिथेच चुकतं, कारण अगदी लहान मुलांमध्ये बहुतेक वेळा इन्सुलिन ऑटोअँटीबॉडीच आधी येते. म्हणून चारही करून घ्या, नाहीतर निदान किती केल्यात हे तरी विचारा. आणखी एक बारकावा म्हणजे इन्सुलिनचं इंजेक्शन सुरू झाल्यावर शरीर त्या बाहेरच्या इन्सुलिनविरुद्धही अँटीबॉडी बनवतं, त्यामुळे इंजेक्शन सुरू होऊन एक-दोन आठवडे झाले असतील तर त्या चौथ्या टेस्टला फारसा अर्थ उरत नाही, बाकीच्या तीन चालतात.

पॉझिटिव्ह आलं तर दुसऱ्या रक्ताच्या नमुन्यावर पुन्हा टेस्ट करून खात्री करायची, एका रिपोर्टवर कोणताही निर्णय नको. निगेटिव्ह आलं तर मूल किती मोठं आहे ते बघायचं, कारण अँटीबॉडी नंतरही येऊ शकतात. वेगवेगळ्या देशांतल्या मुलांचा डेटा एकत्र करून २०२२ मध्ये जे काढलं गेलं त्यानुसार वयाच्या २ आणि ६ व्या वर्षी अशी दोनदा टेस्ट केली तर पंधराव्या वर्षापर्यंत टाइप वन होणाऱ्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून थोडी जास्त मुलं आधीच लक्षात येतात. दोनदाच करायची असेल तर हीच वयं धरा.

टेस्ट करावी की नाही यावर घराघरात वाद होतात आणि मला दोन्ही बाजू समजतात. काहीच करता येणार नसेल तर कळून काय उपयोग, उगाच रोज काळजी, असं म्हणणारे लोक खोटं बोलत नाहीत, ती काळजी खरी असते आणि काही आया तर मुलाने पाणी मागितलं की दचकतात. पण माझं मत टेस्टच्या बाजूने आहे आणि त्याचं कारण कुठलंही नवं औषध नाही, त्याचं कारण आहे डीकेए. डायबेटिक केटोअॅसिडोसिस म्हणजे इन्सुलिनअभावी रक्त आम्लधर्मी होणं, यात मूल आयसीयूत जातं आणि उशीर झाला तर जीवही जातो. बव्हेरियातल्या तपासणीत ज्या मुलांच्या अँटीबॉडी आधी माहीत होत्या त्यांच्यात निदानाच्या वेळी डीकेए असण्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली होतं, एरवी तिथे ते २० टक्क्यांच्या वर असतं. म्हणजे पुढे कोणतंही औषध घेतलं नाही तरी नुसतं माहीत असण्याचा एवढा फायदा आहे.

अँटीबॉडी पॉझिटिव्ह आल्यानंतर

पहिली गोष्ट, यात तुमची चूक नाही. गोड खाल्लं म्हणून, बाटलीचं दूध दिलं म्हणून, लस दिली म्हणून असं काही नसतं. जन्मापासून हजारो मुलांवर लक्ष ठेवून असलेल्या टेडी नावाच्या मोठ्या अभ्यासातही असं एकच एक कारण सापडलं नाही, काही विषाणूंचा संबंध दिसतो, जनुकांचा दिसतो, पण हे केलं असतं तर वाचलं असतं असं कुणीही तुम्हाला सांगू शकत नाही आणि सांगितलं तर ऐकू नका.

दुसरी गोष्ट, लक्ष ठेवायचं वेळापत्रक लावून घ्या. २०२४ मध्ये आलेल्या तज्ज्ञांच्या सल्ल्यानुसार पहिल्या टप्प्यातल्या तीन वर्षांखालच्या मुलांची शुगर आणि एचबीएवनसी साधारण दर तीन महिन्यांनी, त्याहून मोठ्यांची सहा महिन्यांनी, आणि नऊ वर्षांपुढे वर्षातून एकदा बघायची. घरी ग्लुकोमीटर हवाच, तो वापरायचा कसा हे आजी-आजोबांसकट सगळ्यांना माहीत हवं. काही डॉक्टर मधूनमधून दहा-पंधरा दिवस सीजीएम म्हणजे अंगावर चिकटवून सतत शुगर मोजणारा सेन्सर लावून बघायला सांगतात, त्यात जेवणानंतरचे चढ छान दिसतात, पण सेन्सरवर एखादा आकडा १६० दिसला म्हणून घाबरून जाऊ नका. टप्पा ठरवायला तोंडाने ग्लुकोज देऊन केलेली टॉलरन्स टेस्टच सगळ्यात भरवशाची, आणि बहुतेक ट्रायलमध्ये तीच मागतात.

आणि लक्षणं पाठ हवीत: सारखी तहान, सारखी लघवी, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू होणं, वजन उतरणं, थकवा. त्यातच उलटी, पोटदुखी, खोल आणि भराभर श्वास, तोंडाला फळासारखा वास असं काही दिसलं तर त्या दिवशीची अपॉइंटमेंट वगैरे बघत बसायचं नाही, थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं आणि दारातच सांगायचं की याच्या टाइप वनच्या अँटीबॉडी पॉझिटिव्ह आहेत, आधी शुगर आणि कीटोन बघा.

टेप्लिझुमॅब: मंजूर झालेलं एकमेव औषध

आता औषधाकडे येते. टेप्लिझुमॅब, बाजारातलं नाव टीझील्ड. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, १७ नोव्हेंबर २०२२ ला ते मंजूर केलं, आणि टाइप वन सुरू होणं लांबवणारं हे जगातलं पहिलंच औषध. ब्रिटनमध्ये २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. तुम्ही जिथे आहात तिथे ते मिळतं का हे मुलांच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टलाच, म्हणजे हार्मोन आणि डायबेटिसच्या डॉक्टरांनाच, विचारा, कारण यातली परिस्थिती दर काही महिन्यांनी बदलतेय.

हे औषध टी पेशींवरच्या सीडी३ नावाच्या खुणेला चिकटतं. टी पेशी म्हणजे बीटा पेशींवर हल्ला करणारं मुख्य सैन्य, ते या औषधाने मरत नाही पण त्यातला मोठा भाग दमतो, सुस्तावतो, आणि हल्ला काही काळ मंदावतो. ज्या ट्रायलवर मंजुरी मिळाली ती २०१९ मध्ये छापून आली, टाइप वन असलेल्यांचे ७६ नातेवाईक, सगळे दुसऱ्या टप्प्यातले, ४४ जणांना औषध आणि ३२ जणांना प्लासिबो, म्हणजे दिसायला तसंच पण औषध नसलेलं. प्लासिबोवाल्यांपैकी निम्म्यांना साधारण २४ महिन्यांत डायबेटिस झाला, औषधवाल्यांत तेवढंच व्हायला ४८ महिने लागले. पुढे आणखी काळ लक्ष ठेवल्यावर हा फरक २७ आणि जवळजवळ ६० महिने असा निघाला. म्हणजे मोठ्या मानाने दोन ते तीन वर्षं मिळाली. काहींना जास्त मिळाली, काहींना काहीच नाही, आणि आपलं मूल यातल्या कुठल्या गटात बसेल हे आज आधी सांगता येत नाही.

दोन-तीन वर्षांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं कोणी विचारलं तर मी म्हणेन की टाइप वन असलेल्या पाच वर्षांच्या मुलाच्या घरी जाऊन विचारा. अर्थात हे औषध मूळ मंजुरीनुसार ८ वर्षं आणि त्यापुढच्यांना आहे, पण नववीत इन्सुलिन सुरू होणं आणि बारावीनंतर सुरू होणं यात फरक आहे, आपल्या आपण डोस मोजू शकणारं मूल आणि न मोजू शकणारं मूल यात फरक आहे. ज्यांनी रात्री तीनला उठून झोपलेल्या मुलाच्या बोटाला सुई टोचलीय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

घ्यायचं ठरलं तर तयारी अशी. आधी खात्री की दुसरा टप्पाच आहे: किमान दोन अँटीबॉडी आणि टॉलरन्स टेस्टमध्ये बिघाड, आणि शुगर वाढायचं कारण टाइप टू नाही हे डॉक्टरांनी तपासलेलं. मग रक्ताच्या तपासण्या, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, हिमोग्लोबिन, लिव्हर, यात काही फार खाली-वर असेल तर औषध देत नाहीत, आणि अंगात चालू इन्फेक्शन असेल तरी नाही, खास करून एपस्टाइन-बार आणि सायटोमेगॅलो या दोन विषाणूंचं बघतात. लशी आधी उरकायच्या, जिवंत विषाणूच्या लशी किमान ८ आठवडे आधी आणि बाकीच्या किमान २ आठवडे आधी. हे शेवटच्या घटकेला आठवतं आणि सगळी तारीख पुढे जाते, म्हणून लसीकरणाचं कार्ड पहिल्याच भेटीत घेऊन जा.

औषध शिरेतून, रोज एकदा, सलग १४ दिवस. सलाइन निदान अर्धा तास चालतं, आधीची आणि नंतरची देखरेख धरून वेळ जास्त जातो. डोस पहिल्या चार दिवसांत हळूहळू वाढवतात आणि पाचव्या दिवसापासून पूर्ण देतात, पहिले पाच दिवस तरी आधी पॅरासिटामॉलसारखं औषध, अॅलर्जीची आणि गरज पडल्यास उलटीची गोळी देतात. सगळ्यात जास्त दिसणारा परिणाम म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी घसरणं, ते जवळजवळ सगळ्यांचेच घसरतात, पाचव्या दिवसाच्या आसपास तळाला जातात आणि सहा आठवड्यांपर्यंत मूळ पातळीवर येतात. अंगावर पुरळ, डोकेदुखी हेही होतं. ताप, मळमळ, अंगदुखी, लिव्हरचे आकडे वाढणं असं एकदम आलं तर त्याला सायटोकाइन रिलीज म्हणतात, तेव्हा लगेच टीमला कळवायचं. दोन आठवडे रोज हॉस्पिटल म्हणजे शाळा, नोकरी, दुसरं मूल सगळ्याचीच ओढाताण होते, म्हणून सुट्टीत घेता येतं का ते विचारा, पण त्यासाठी चार-पाच महिने थांबू नका, दुसरा टप्पा कधी संपेल ते सांगता येत नाही.

आणि औषध झाल्यावरही टेस्ट चालूच ठेवायच्या. औषध घेतलं म्हणजे सुटलो असं समजून दोन वर्षं शुगरच बघितली नाही असं होऊ देऊ नका.

नुकतंच निदान झालंय त्यांनी

इथे घड्याळ वेगात पळतं. निदान झालं त्या दिवशीही थोड्या बीटा पेशी जिवंत असतात, इन्सुलिन सुरू झाल्यावर त्यांना जरा विश्रांती मिळते, डोस कमी लागतो, यालाच हनिमून पिरियड म्हणतात. या उरलेल्या पेशी किती काम करतायत ते सी-पेप्टाइड या टेस्टने कळतं. थोडंसं सी-पेप्टाइड उरलं तरी पुढे गंभीर हायपो कमी होतात आणि डोळ्यांचा त्रास कमी होतो हे मागच्या मोठ्या अभ्यासांतून दिसलेलं आहे, म्हणून ते टिकवायची एवढी धडपड.

बहुतेक ट्रायल निदानापासून १०० दिवसांच्या आत आलेल्यांनाच घेतात, काही तर सहा आठवड्यांतच. बरेच जण सगळं स्थिरस्थावर झालं की बघू म्हणतात आणि स्थिरस्थावर होईपर्यंत मुदत संपलेली असते. म्हणून निदानाची तारीख लिहून ठेवा आणि पहिल्या किंवा दुसऱ्या फॉलो-अपलाच डॉक्टरांना विचारा की अशी कुठली ट्रायल चालू आहे का.

आत्तापर्यंत काय काय दिसलं ते थोडक्यात. टेप्लिझुमॅबच नव्या पेशंटना देऊन बघितलं, ८ ते १७ वयाची ३२८ मुलं, २०२३ चा निकाल, सी-पेप्टाइड नक्की जास्त टिकलं पण एचबीएवनसी आणि इन्सुलिनच्या डोसमध्ये ठळक फरक सिद्ध झाला नाही. गोलिमुमॅब हे संधिवातातलं इंजेक्शन, २०२० च्या ट्रायलमध्ये ६ ते २१ वयोगटात वर्षभरानंतर सी-पेप्टाइड जास्त आणि इन्सुलिन कमी लागलं. बॅरिसिटिनिब ही रोजची गोळी, ही पण संधिवातातलीच, मेलबर्नच्या ट्रायलमध्ये १० ते ३० वयाच्या ९१ जणांत ४८ आठवडे चांगला परिणाम दिसला, मात्र गोळी बंद केल्यावर तो फायदा ओसरत गेला. म्हणजे हे औषध चालतं तोवर चालतं, आणि वर्षानुवर्षं देणं मुलांना कितपत सुरक्षित हा पुढचा प्रश्न.

एटीजी हे अवयव प्रत्यारोपणात वापरतात ते, सशांपासून बनवलेलं. ते एकदम कमी डोसमध्ये दिलं तर सी-पेप्टाइड टिकतं हे २०१८ मध्ये दिसलं होतं, आणि २०२५ मध्ये युरोपातल्या ट्रायलने दाखवलं की किलोला २.५ मिलिग्रॅमऐवजी ०.५ मिलिग्रॅम दिलं तरीही काम होतं आणि सीरम सिकनेस, म्हणजे ताप-पुरळ-सांधेदुखीचा त्रास, बराच कमी होतो. मला स्वतःला ही गोष्ट सगळ्यात आशादायक वाटते, कारण औषध जुनं आहे, डॉक्टरांच्या ओळखीचं आहे आणि डोस फक्त एक-दोन दिवसांचा आहे.

वेरापॅमिलबद्दल वेगळं सांगते कारण यावर लोक सगळ्यात जास्त विचारतात. ही ब्लडप्रेशरची साधी जुनी गोळी आहे, बीटा पेशींवरचा ताण वाढवणारं टीएक्सएनआयपी नावाचं प्रोटीन ती कमी करते. २०१८ मध्ये मोठ्या माणसांत आणि २०२३ मध्ये ७ ते १७ वयाच्या ८८ मुलांत बघितली, मुलांमध्ये वर्षाच्या शेवटी सी-पेप्टाइड प्लासिबोपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त होतं. सहज मिळते म्हणून घरच्या घरी सुरू करायचा मोह होतो, तसं अजिबात करू नका. बीपी खाली जातं, हृदयाच्या ठोक्यांची लय बदलू शकते, त्या ट्रायलमध्ये डोस हळूहळू वाढवत होते आणि ईसीजी काढून बघत होते. तुमचे डॉक्टर तयार असतील आणि ते ईसीजी, बीपी बघणार असतील तर त्यांच्याशी बोला, नाहीतर नाही.

यातल्या कुठल्याही औषधाने इन्सुलिन बंद होत नाही. ट्रायलमध्ये असताना औषध गटात असा नाहीतर प्लासिबो गटात, इन्सुलिन चालूच असतं. जो कोणी इन्सुलिन थांबवा आणि आमचं औषध घ्या म्हणेल तिथून उठून बाहेर या, टाइप वनमध्ये इन्सुलिन थांबवलं तर दिवसांत डीकेए होतो.

जे करून बघितलं आणि चाललं नाही

हे माहीत असणं पण तितकंच गरजेचं, कारण जुन्या कल्पना नव्या नावाने फिरत असतात. निकोटिनामाइड म्हणजे बी थ्री व्हिटॅमिनचा प्रकार, युरोपातल्या मोठ्या ट्रायलमध्ये २००४ ला फेल. टाइप वन लांबवायला आधीच थोडं इन्सुलिनचं इंजेक्शन देणं, २००२ ला फेल. तोंडाने इन्सुलिनची कॅप्सूल, दोन मोठ्या ट्रायल झाल्या, २००५ आणि २०१७, एकंदरीत फायदा नाही. बाळाला गाईच्या दुधाच्या प्रोटीनऐवजी आधीच तुकडे केलेल्या प्रोटीनचा फॉर्म्युला देणं, २०१८, फायदा नाही. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन पहिल्या टप्प्यात, नाही. ऐंशीच्या दशकात सायक्लोस्पोरिनने काही जणांचं इन्सुलिन काही काळ सुटलं होतं, पण औषध थांबवलं की परत आणि किडनीवर परिणाम, म्हणून सोडून दिलं. यातली प्रत्येक गोष्ट सुरुवातीला छान वाटत होती आणि या सगळ्यामागे हजारो कुटुंबांनी मुलांचं रक्त दिलं म्हणून आपल्याला आज निदान हे तरी कळतं की कशावर वेळ घालवायचा नाही.

ट्रायल शोधायची आणि पारखायची कशी

शोधायला क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह ही अमेरिकेची साइट आणि जागतिक आरोग्य संघटनेचं ट्रायल पोर्टल, या दोन्हींवर जगभरच्या नोंदणी झालेल्या ट्रायल दिसतात. टाइप वन, मग स्टेज टू किंवा न्यू ऑनसेट असं इंग्रजीत टाकायचं, आणि फक्त रिक्रूटिंग म्हणजे भरती चालू असलेल्या निवडायच्या. ट्रायलनेट नावाचं संशोधकांचं मोठं जाळं आहे, ते टाइप वनवाल्यांच्या नातेवाइकांची अँटीबॉडी तपासणीही करतं. नोंदणी क्रमांक नसलेल्या ट्रायलला ट्रायल म्हणूच नका.

यादी मिळाली की वय, निदानापासूनचे दिवस, किती अँटीबॉडी हव्यात, किती सी-पेप्टाइड हवं हे आधी बघा, निम्म्या तिथेच गळतात. मग फेज बघा. पहिल्या फेजमध्ये मुख्य प्रश्न सुरक्षिततेचा असतो, तुमच्या मुलाला फायदा होईल अशी अपेक्षा त्यात ठेवायची नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेजमध्ये फायदा मोजतात, पण बहुतेक वेळा प्लासिबोचा गट असतो, आणि आपल्याला कुठला मिळाला ते ना आपल्याला कळतं ना डॉक्टरांना. हे पटत नसेल तर आत जाऊ नका, मधेच रागावून बाहेर पडण्यापेक्षा ते बरं.

कन्सेंट फॉर्म लांबलचक असतो, तो घरी न्या, दोन रात्री घ्या, नि सही करण्याआधी त्या टीमला तोंडावर विचारा. प्लासिबो मिळायची शक्यता किती, नंतर प्लासिबोवाल्यांना खरं औषध देणार का, एकूण किती भेटी, प्रत्येक भेटीत किती रक्त, येण्याजाण्याचा खर्च कोण देणार, औषधाने काही झालं तर उपचार कोण करणार आणि किती काळ, लशींचं काय, आणि या ट्रायलमध्ये गेल्यावर पुढे टेप्लिझुमॅब किंवा दुसऱ्या ट्रायलचा रस्ता बंद होतो का. हा शेवटचा प्रश्न फार जण विचारतच नाहीत, आणि बऱ्याच ट्रायल आधी असं औषध घेतलेल्यांना घेत नाहीत. उत्तरं लिहून घ्या. तुम्ही कधीही कारण न देता बाहेर पडू शकता, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबणार नाहीत, हे त्या फॉर्ममध्ये लिहिलेलं असलंच पाहिजे.

मुलाला विचारा. सात-आठ वर्षांच्या मुलालाही त्याच्या भाषेत सांगता येतं की किती वेळा टोचणार, किती दिवस जाणार आणि याने बरं होणार नाही पण थोडा उशीर होईल कदाचित. ते नाही म्हणालं तर त्याचं ऐका, निदान त्या दिवशी तरी. दुसऱ्या टप्प्यातलं मूल आजारी नाहीये, त्याला काही होत नाहीये, आणि त्याच्या अंगाला सुई लागणार आहे आपल्या काळजीपोटी, हे मोठ्यांनी विसरू नये.

स्टेम सेल, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी, याबद्दल दोन शब्द, कारण फसवणूक इथेच सगळ्यात जास्त होते. खरं संशोधन आहे: प्रयोगशाळेत स्टेम सेलपासून बनवलेल्या आयलेट पेशी, म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पुंजक्यांसारख्या पेशी, झिमिस्लेसेल या नावाने दिल्या, २०२५ च्या निकालात पूर्ण डोस मिळालेल्या १२ पैकी १० जणांचं इन्सुलिन वर्षभरानंतर बंद होतं. पण ते सगळे जुने टाइप वनवाले, ज्यांना जीवघेणे हायपो होत होते, आणि त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू ठेवावी लागतायत. हे टाइप वन लांबवण्यासाठी नाही, आणि निरोगी दिसणाऱ्या मुलासाठी तर मुळीच नाही. याउलट ज्या ठिकाणी तुमच्याच रक्तातून किंवा चरबीतून स्टेम सेल काढून परत टोचतात, आगाऊ पैसे मागतात, बरे झालेल्यांचे व्हिडिओ दाखवतात पण छापून आलेला निकाल आणि नोंदणी क्रमांक दाखवत नाहीत, ते उपचार नाहीत. खऱ्या ट्रायलमध्ये औषधासाठी पेशंटकडून पैसे घेत नाहीत, अपवाद फार क्वचित, आणि बरं करण्याची हमी तर कोणीच देत नाही.

सगळे कागद एका फाइलमध्ये ठेवा: अँटीबॉडीचे रिपोर्ट लॅबच्या नावासकट, टॉलरन्स टेस्टचे सगळे आकडे, एचबीएवनसी तारखेप्रमाणे, सी-पेप्टाइड आणि त्याच वेळची शुगर, लसीकरणाचं कार्ड, उंची-वजन. ट्रायलच्या टीमला पहिला मेल लिहाल त्यात वय, टप्पा, किती अँटीबॉडी पॉझिटिव्ह, आणि निदान झालं असेल तर त्याची तारीख, एवढंच चार ओळींत लिहा, रिपोर्ट त्यांनी मागितल्यावर द्या. आठवडाभरात उत्तर नाही आलं तर फोन करा.